वळणावर थांबायचं होतं

“बुद्ध म्हणजे जागा झालेला, हे तुम्हीच सांगता ना, भन्ते? मग मला जागं राहायचा उपाय सांगायला का कचरता?”

टेकडीवरच्या विहारात, भर दुपारी, सुमेध विचारत होता. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा, बारावीला तालुक्यात पहिला आलेला. पहिल्या आलेल्यांना दुसऱ्याचं ऐकायची सवय जरा कमीच असते.

म्हातारे भन्ते त्याचे लाल डोळे न्याहाळत होते.

“परवा परीक्षा आहे. या खेपेला राहिलो तर वर्ष गेलं. झोप आली की डोळ्यांवर पाणी मारतो, उभा राहून वाचतो. गोळ्यासुद्धा घेऊन झाल्या.”

“वाचलेलं राहतं?”

सुमेधचा आवाज उतरला.

“नाही... मागच्या पेपरात दोन प्रश्नांना एकच उत्तर लिहून आलो. घरी गेल्यावर कळलं. भीती वाटते, भन्ते. अजून जागलो नाही, तर मी संपलो.”

भन्तेंनी त्याच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीला हात लावला. आत मेणबत्त्या होत्या, पांढरी फुलं होती, चष्म्याचं घर होतं.

“ही कुणाची?”

“आईची.”

“आई कुठे आहे?”

“आई...”

सुमेधने मागे वळून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

त्याची जुनी मोटरसायकल घाटात दोघांना ओढत नसे. दर वेळी चढ लागला की आई उतरायची आणि पायी यायची. सुमेध वरच्या वळणावर, दरीच्या कठड्याशी, तिची वाट पाहत थांबायचा.

आज...

किल्ली घेऊन तो उठला, पण घाईत ती हातातून खाली पडली. भन्तेंनी ती उचलली आणि मुठीत धरली.

“द्या ना, भन्ते! एकटी आहे ती. मी दिसलो नाही तर दरीत वाकून बघेल...”

“वळणावर समोरून काही आलं होतं?”

“आठवत नाही.”

“कठडा दिसला?”

सुमेधने नकारार्थी मान हलवली.

“चढ तरी आठवतो?”

सुमेध खाली बसला. आईने पिशवी हातात दिली, एवढं आठवत होतं. त्यानंतर एकदम विहाराची पायरी. मधला रस्ता डोक्यात नव्हताच. दरीच्या कडेने गाडी मग चालवली कुणी?

भन्तेंनी काठी घेतली आणि ते आईला शोधायला निघाले. तेवढ्यात दारात सावली पडली.

आई होती. पांढरं लुगडं धुळीने माखलेलं, धाप लागलेली. चष्म्याविना प्रत्येक वळणावर ती खाली डोकावत आली होती. उन्हातून आल्यामुळे आतलं तिला काहीच दिसत नव्हतं.

“भन्तेजी, गाडी दिसली बाहेर. माहा सुमेध कुठी हाय जी?”

सुमेध हाक मारणार, तोच भन्तेंनी त्याला हाताने थांबवलं.

भन्तेंनी काठी ठेवली. कोपऱ्यात आपली चटई अंथरली, मुलाला खांद्याला धरून तिथे निजवलं आणि अंगावर चादर घातली. मग ते दाराकडे वळले.

“गाडी तेवढी पोचली, माय. सुमेध झोपून उठला की येईल.”