वाटेपुरतं पातं

“पातं नऊ फुटी म्हणजे नऊ फुटीच,” शिष्य तिसऱ्यांदा म्हणाला.

“आणि गाडी केवढी तुझी? हातगाडीची थोरली बहीण,” म्हातारी म्हणाली. “तिच्या तोंडाला एवढं लोखंड बांधायला निघालास.”

एकदा एका हिमप्रदेशात, बर्फ लोटायची पाती विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या अंगणात, हा वाद सकाळपासून पेटलेला होता. म्हातारीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. घाटात बंद पडलेल्या गाड्या खोलून-जोडून ती यंत्रविद्या शिकली होती, आणि हे ती कुणी न विचारताही सांगत असे. शिष्य तिशीतला, सहा वर्षं तिच्या हाताखाली राबलेला. त्याच्याजवळ एक हलकी पिकअप होती. तिच्या पुढे बर्फ लोटायचं पातं बसवून त्याला गावापासून दवाखान्यापर्यंतचा घाट हिवाळाभर उघडा ठेवायचा होता. माघात त्याची बायको बाळंत होणार होती. पहिल्या खेपेला वाट बुजली होती, आणि मूल वाटेतच गेलं होतं.

“तो घाट तुम्ही पाहिलाय अम्मा. बर्फाची पुरुषभर भिंत उभी राहते. तिच्यापुढे लहान पातं घेऊन जाऊ?”

“गिऱ्हाईक मागतंय ते मी देतो,” व्यापारी पुटपुटला.

“तू गप रे. तुला पातं विकायचंय, याला घाट चढायचाय. लाव ते मोठं.”

पातं लावण्याआधी तिने शिष्याला पुढच्या चाकावरच्या पत्र्याखाली मूठ घालायला लावली. मूठ सहज मावली. मग नऊ फुटी पातं अडकवून वर उचललं. “आता घाल.” जेमतेम दोन बोटं शिरली. गाडीचं तोंड खाली गेलं होतं आणि मागची बाजू कोंबडीच्या शेपटीसारखी वर आली होती.

“मागच्या चाकांवर भारच उरला नाही, तर ती बर्फाला धरतील कशाने?”

तरीही शिष्य हटला नाही. तेव्हा तिने साडेसहा फुटी पातं लावायला सांगितलं, आणि मग एक विचित्र गोष्ट केली. व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून तिने मसाला वाटायचा पाटा उचलून आणला आणि अंगणातल्या बर्फात पुरून टाकला.

“अम्मा, पातं नवं आहे,” व्यापारी कळवळला.

“पाटाही नवाच आहे. चालव रे, सावकाश.”

शिष्याने गाडी घातली. पातं तिरपं होतं. बर्फ त्याच्यावरून पिंजलेल्या कापसासारखा वळत एका अंगाला निजत गेला. पाटा आला. खण्णकन आवाज झाला, आणि पात्याची खालची कड मागे वळून पातं पुढे झुकलं, दगडावरून गेलं, आणि मागच्या स्प्रिंगांनी ओढून घेताच पुन्हा ताठ उभं राहिलं. गाडी जराही हबकली नाही.

“हे तर पाट्यापुढेच नमलं,” शिष्य कडवटपणे म्हणाला. “हिमापुढे काय उभं राहणार?”

“नमलं म्हणून उभं आहे,” म्हातारी म्हणाली. “ते मोठं, बिनस्प्रिंगांचं सलग पातं नमलं नसतं. त्याने तो धक्का तुझ्या सांगाड्याला दिला असता, आणि घाटात बर्फाखाली पाटे नसतात, धोंडे असतात. बर्फ किती पडावा हे आभाळ ठरवतं. पातं किती मोठं असावं हे गाडीचे खांदे ठरवतात. त्यात तुझ्या भीतीला विचारायचं नाही. मी विचारलं होतं एकदा. माझी पहिली गाडी अजून त्या दरीत आहे.”

हे तिने सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. शिष्याने मागे वळून पाहिलं. गाडीमागे काळी ओली माती उघडी पडली होती आणि उन्हात तिच्यातून वाफ निघत होती. त्या पट्ट्यापलीकडे पांढरा डोंगर उभा होता, इतका प्रचंड की त्याच्यापुढे नऊ फूट काय आणि साडेसहा काय.

“पण एका दिवसात कमरेइतका बर्फ पडला तर?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“तेवढा साचू द्यायचाच कशाला?” तिने हातातली काठी पुढे केली. खालच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक खाच होती, वर्षानुवर्षांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली. “ही दारात रोवायची. खाच बुजली की निघायचं. परत आलास आणि पुन्हा बुजली, की पुन्हा निघायचं. मागच्या चाकांवर भाराला वाळूची चार पोती टाकून.”

“आणि तो पडतच राहिला तर, अम्मा? मी एकटा. तो डोंगर बघा ना.”

म्हातारीने डोंगराकडे पाहिलं, अगदी शांतपणे, आणि काठी त्याच्या हातात दिली.

“डोंगर मोकळा करायला तुला कुणी सांगितलंय, लेका? एका बाईला जाण्यापुरती वाट काढ.”