आकाशदर्शन उद्यानातले दिवे

"…मग मीच ते उद्यान बंद पाडायला निघू का, बाबा?"

लतीफबाबा दारावर गोणपाट अडकवत होते. दर्ग्याशेजारची त्यांची खोली एवढीशी. समोरच्या खांबावरचा दिवा लागला की त्याचा उजेड थेट अंथरुणावर यायचा.

"हे टोक धर," ते म्हणाले.

हेरंब टिळेकरने टोक धरलं.

हेरंब कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. पण लहानपणी याच पठारावर, याच फकिराशेजारी तो अंधारात न घाबरता बसायला शिकला होता. तारे त्याने पुढे आपले आपण ओळखले. अंधाराशी ओळख बाबांनी करून दिली होती. त्यांना तो गुरू मानायचा.

तरुणपणापासून तो आणि त्याचं आकाशमित्र मंडळ एकच गोष्ट मागत आले होते. गावाबाहेरचं हे काळोखं पठार राखून ठेवा. कुणीही यावं, आकाश पाहावं. सह्या झाल्या, उपोषण झालं, मुंबईच्या खेपा झाल्या. मंडळातले देव्हारे सर वाट पाहता पाहता गेले. बाकीचे एकेक करून यायचे थांबले.

आणि गेल्या दिवाळीला उद्यान झालं.

फरशी आली, कारंजं आलं, सिमेंटचे सप्तर्षी आले. आणि उंच खांबांवर पांढरे झगझगीत दिवे आले.

"उद्घाटनाला मला शाल दिली," हेरंब म्हणाला. "मी वर बघितलं… काही नाही. ध्रुवसुद्धा नाही. शाल घेऊन नुसता उभा राहिलो."

"शालीत ऊब आहे का?"

"चेष्टा नको, बाबा."

"चेष्टा नाही… इथं वारा असतो."

हेरंब उंबऱ्यावर बसला.

"सगळं आयुष्य यात घातलं. आता त्याच उद्यानाला टाळं ठोका म्हणून भांडायचं. भांडायला पाहिजे. पण सकाळी उठवत नाही…"

"लोक येतात?"

"झुंबड असते. फिरतात, शेंगा खातात, सिमेंटच्या ताऱ्यांवर बसून फोटो काढतात. वर मान करून कुणी बघत नाही."

"तू दाखवतोस?"

"काय दाखवू? त्या उजेडात दिसतं काय! फार तर चंद्र."

गोणपाट अडकवून झालं तसे बाबा अंथरुणावर टेकले.

"चंद्र काय, गच्चीवरूनही दिसतो. आम्ही आकाशगंगेसाठी भांडलो, बाबा. इथून दुधासारखी दिसायची. तुम्ही पाहिलीय."

"चंद्र दाखवलास?"

"…नाही."

बाबा उठले. कोपऱ्यात मंडळाची जुनी दुर्बीण चादरीत गुंडाळून पडली होती. त्यांनी वाकून तिच्या तिवईचा एक पाय धरला आणि उचलायला लागले. तिवई जागची हलेना. ऐंशीच्या घरातला माणूस, मान थरथरत होती. तरी पाय सोडीनात.

"राहू द्या," हेरंब चिडून म्हणाला. "नेतो मी."

उद्यानात त्याने एका खांबाखालीच दुर्बीण लावली. दुसरी जागाच नव्हती. अष्टमीचा चंद्र वर होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग शेंगांची पाटी घेतलेली एक बाई थांबली. सोजरबाई तिचं नाव.

"काय मोजताय, सायेब? रस्ता निघतोय का हितनं?"

"नाही. चंद्र बघतोय."

"मी बघू?"

त्याने बाजूला सरकून जागा दिली. पाटी खाली ठेवून, पदर सावरून ती वाकली. एक डोळा हाताने झाकला.

भिंगावरचा डोळा तिने काढलाच नाही.

"अगं बया," ती शेवटी हळू म्हणाली. "ह्याला देवी आल्या हुत्या का?"

हेरंबला हसू फुटलं. किती दिवसांनी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिथले खड्डे, डोंगर, डोंगरांच्या पडलेल्या सावल्या, सगळं त्याने तिला सांगितलं. सांगेपर्यंत मागे चौघं उभी राहिली होती. मग रांगच लागली.

गर्दी ओसरल्यावर सोजरबाई पुन्हा आली. पाटी निम्मी रिकामी झाली होती.

"आणिक काय दावता?"

"आणखी काही दिसत नाही इथं."

"का वो?"

हेरंबने बोट वर केलं. तिने कपाळावर हात धरून दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागच्या पांढुरक्या आभाळाकडे.

"ह्याच्यापायी?"

"हो."

ती तडक पहारेकऱ्याकडे गेली.

"दादा, ह्यो दिवा जरा इझवा की."

"बटण माझ्याकडं न्हाई, मावशे. हापिसात हाय."

"हापिसात कोन हाय?"

"आता कुणी न्हाई. उद्या जा."

"जातेच," ती म्हणाली. "येकली न्हाई जायाची."

रांगेतल्या एका शाळामास्तरणीने मागून विचारलं, "किती वाजता उघडतं ऑफिस?"

हेरंबने दुर्बीण आवरली. परतताना तिवई खांद्याला रुतत होती. प्रत्येक खांबाखाली त्याची सावली आधी आखूड व्हायची, मग लांबायची.

बाबा गोणपाटाआड आडवे झाले होते. जागे होते.

"दिवे काही विझले नाहीत, बाबा."

"हं."

"एक शेंगावाली पहारेकऱ्याशी भांडली. उद्या ऑफिसात जाते म्हणाली. तिला काय माहीत तिथं काय असतं… दारात बसवून ठेवतील. साहेब नाहीत म्हणून सांगतील. मलाच जायला हवं तिच्याबरोबर. पहिल्यापासून सगळं पुन्हा…"

तो बोलता बोलता भिंतीला टेकला. डोळे मिटत होते.

बाबांनी आपल्या अंगावरची घोंगडी काढून त्याच्याकडे सरकवली.

"बस जरा," ते म्हणाले. "आता तिला भांडू दे."