कसोटीवरच्या तीन ओळी

“तुमची सळई खरी कशावरून?”

मानाजीराजांनी असं विचारलं आणि म्हाताऱ्या अंतोबा पोतदाराने हातातली सळई खाली ठेवली. घोटणगडच्या दरबारात सोन्याचा कस लावायचं काम तो तीस वर्षं करत होता. त्या दिवशी देवळाचा नवा कळस त्याच्यापुढे तपासणीला आला होता. दहा भागांत नऊ भाग सोनं आणि एक भाग तांबं, असं ठरलेलं. अंतोबाची सळईही नेमकी त्याच मिश्रणाची. त्याने कसोटीच्या काळ्या दगडावर आधी सळई घासली, मग शेजारी कळस घासला. कळसाची ओळ तांबूस उमटली.

“यात हीण जास्त आहे, महाराज,” अंतोबा हळूच म्हणाला.

कळसाचा मक्ता हैबतशेटकडे होता. तो ताडकन उठला. “कळस चोख आहे! म्हाताऱ्याची सळईच खोटी!”

झालं! राजांना असला पेच म्हणजे पुरणपोळीच. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “बरोबर! पोतदार, सळई खरी असल्याचा पुरावा द्या. पण दुसरी सळई आणलीत तर मी म्हणेन, ती खरी कशावरून? तिसरी आणलीत तरी तेच म्हणेन! उद्या दुपारपर्यंत मुदत. नाही जमलं तर सळई नदीत आणि तुम्ही वेशीबाहेर!”

अंतोबा घरी येऊन ओट्यावर बसला. वेशीबाहेर कुठे जायचं, एवढंच डोक्यात. तेवढ्यात सगुणी झारेकरीण आली. सोनारांच्या दुकानांतली राख धुऊन ती त्यातले सोन्याचे कण वेचायची, आणि त्यावर तिचं पोट चालायचं.

“आबा, आज चूलसुद्धा पेटवली नाहीत? कोण गेलं?”

“कुणी नाही गं. मीच चाललोय,” म्हणत अंतोबाने सगळं सांगितलं.

सगुणीने पदराने घाम पुसला. “एवढंच? मग राजांनाच बनवू द्या की सळई!”

“राजांना? अगं, त्यांना साधी दात कोरायची काडीसुद्धा नोकर तासून देतो!”

“म्हणून तर मजा येईल त्यांना. उठा, भाकरी टाका आधी.”

दुसऱ्या दिवशी सगुणी दरबारात उभी राहिली. “महाराज, दुसरी सळई आणली नाही. ती तुमच्याच हातून करायची आहे. खजिन्यातलं चोख सोनं मागवा.”

“चोख कशावरून?” राजे लगेच म्हणाले.

“निखाऱ्यांत घाला. हीण असलं तर काळं पडेल.”

सोनं निखाऱ्यांतून जसंच्या तसं पिवळं निघालं. सगुणीने तराजू पुढे केला. “आता तांब्याचा एक तुकडा घ्या आणि त्याच्याच भाराचे सोन्याचे नऊ तुकडे करा.”

“तराजू खोटा असला तर?”

“तर डावीकडचं उजवीकडे घाला अन् उजवीकडचं डावीकडे. खोटा तराजू तिथेच पकडला जाईल!”

राजांनी घालून पाहिलं. पारडी समोरासमोर शांत उभी राहिली. वजनाचं मापही लागलं नाही! मग राजांनी बाह्या सारल्या आणि दहाही तुकडे मुशीत टाकले. फुंकणी फुंकता फुंकता मिशीला काजळी लागली, पण सांगायची छाती कुणाची? वितळलेलं सोनं राजांनी स्वतः ढवळलं आणि स्वतःच त्याची सळई ओतली.

“आता कसोटीवर तीन ओळी ओढा,” सगुणी म्हणाली. “एक तुमच्या सळईची, एक आबांच्या सळईची, एक कळसाची. कोणती कुठे, ते फक्त तुम्हाला ठाऊक. मग एकेकाला बोलवा आणि वेगळी ओळ कोणती ते विचारा.”

राजांनी पडद्याआड ओळी ओढल्या. पहिले प्रधानजी आत गेले. दगड न पाहताच म्हणाले, “महाराजांना कोणती वेगळी वाटते?”

“प्रधानजी, दगड बघा! माझं तोंड नको!”

प्रधानजींनी निमूटपणे मधली दाखवली. सेनापतींनी मधली दाखवली. माळ्याने आणि आचाऱ्यानेही मधलीच. अंतोबा बाहेर देवाचं नाव घेत उभा होता. शेवटी हैबतशेट आत गेला. त्याने दगड एकदाच पाहिला आणि आनंदाने ओरडला,

“ही मधली! किती हिणकस! हीच म्हाताऱ्याची सळई, महाराज! फेका नदीत!”

“शेट,” राजे सावकाश म्हणाले, “ती तुमच्या कळसाची ओळ आहे. पोतदारांची ओळ माझ्या सळईशी जुळली.”

बाहेर अंतोबाने ते ऐकून हात जोडले.

पण राजे अजून हरायला तयार नव्हते. पडद्याबाहेर येऊन मिशीवर बोट फिरवत ते म्हणाले, “सगुणे, ओळींचा क्रम एकट्या मला माहीत होता. मीच खोटं सांगितलं असतं तर?”

सगुणी हसली.

“खुशाल सांगा, महाराज! कळसावर नाव तुमचं कोरलंय. तुमच्या खोट्याने हा हिणकस कळस देवळावर चढला आणि काळा पडला, तर येणारे-जाणारे मान वर करून माझं नाव वाचणार नाहीत!”

राजे असे हसले की पगडी मांडीवर येऊन पडली. त्यांनी हैबतशेटला पदरच्या सोन्याने नवा कळस घडवायला लावला. स्वतः ओतलेल्या सळईवर राजमुद्रा उठवून ती अंतोबाच्या हातात दिली. सगुणीला लुगडं-चोळी दिली, आणि पोतदाराच्या शेजारी दरबारात कायमची बैठक.