लखमानं वायरलेस सांभाळला

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात लखमा नावाचा एक भोळा कोळी होता. इतका भोळा, की सांगाल तेवढंच करायचा. एकदा बोटीवर त्याला म्हणाले, "लखमा, नांगर टाक." त्यानं टाकला. दोर बांधायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून बांधला नाही. त्या दिवसापासून त्याला कुणी बोटीवर घेईना.

तेव्हा हसुराम नाखवाला त्याची दया आली. नाखवा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. सोसायटीच्या खोलीत वायरलेसचा सेट होता. समुद्रातल्या बोटी त्यावर बोलायच्या. लखमानं ते ऐकायचं आणि नाखवाला सांगायचं.

"नुसतं बसून ऐकायचंय," नाखवा म्हणाला. "यात तू काय बिघडवशील?"

नाखवाही तसा भोळाच.

पावसाळा सरता सरता सेट खरखरायला लागला. तालुक्याहून इस्माईल मिस्त्री आला. सेटमागून जमिनीत जाणारी तार त्यानं पाहिली. जोडावर हिरवा गंज चढला होता.

"ही खारी, दमट हवा," मिस्त्री म्हणाला. "जोड गंजला की सेट भलतेसलते आवाज गोळा करतो." त्यानं जोड घासला. खरखर थांबली. "याला ओल लागू देऊ नकोस. ऊब पाहिजे."

"ऊब," लखमा म्हणाला. ध्यानात ठेवलं.

ऑक्टोबर आला. पत्रे असे तापले, की माणसं सदरे काढून बसली. लखमानं सेटवर गोधडी पांघरली आणि टेबलाखाली पेटती शेगडी ठेवली. बायको जनी धावत आली.

"अहो, माझी गोधडी!"

"त्याला ऊब लागते. मिस्त्री म्हणालाय."

"आणि मला?"

"तुझ्याबद्दल काही बोलला नाही."

सेट तापला. तापला तसा गावच्या बोटींचा सूर सोडून भलतीकडे सरकला आणि कुठल्या तरी लांबच्या बंदराचं बोलणं पकडून बसला. "पापलेट भरपूर आहे! बर्फ पाठवा!" लखमानं निरोप पोचवला. नाखवानं ट्रकभर बर्फ मागवला. बर्फ आला, पापलेट आलं नाही. बर्फाचं पाणी झालं आणि ते खाडीला जाऊन मिळालं.

मिस्त्री पुन्हा आला. त्यानं गोधडी ओढून काढली.

"अरे, सेट तापला की त्याचा सूर ढळतो. मग तो दुसऱ्यांचं ऐकतो. याला गार ठेव. वारा लागू दे."

"वारा," लखमा म्हणाला. ध्यानात ठेवलं.

पौषाची थंडी पडली. नाखवा मफलर गुंडाळून हिंडू लागला. लखमानं लोहाराकडून भट्टी फुलवायचा विजेचा पंखा आणला आणि सेटच्या तोंडाशी लावला. स्वतः शेजारी कुडकुडत बसला. पंखा घोंघावला आणि सेटमधून चणे भाजल्यासारखा ताडताड आवाज यायला लागला. त्यातच एका बोटीवरून कुणी ओरडलं, "नांगर हरवला! नांगर हरवला!"

लखमा पळत नाखवाकडे गेला. "बोटीवाल्यांनी नवरा ठरवला!"

नाखवाची मुलगी लग्नाची होती. नाखवानं गावभर पेढे वाटले. मुलगी दार लावून रडत बसली. बोट आली, तेव्हा तिच्यावर नवराही नव्हता आणि नांगरही नव्हता.

मिस्त्रीनं पंखा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मोटरीत बारीक ठिणग्या उडतात, बाबा. त्यांचीच ही ताडताड. आवाज स्वच्छ पाहिजे, तर आधी मोटर बंद. कळलं?"

"आधी मोटर बंद," लखमा म्हणाला. ध्यानात ठेवलं.

होळीच्या आधी वारा फिरला. समुद्र खवळायला लागला. गावच्या सगळ्या बोटी भरल्या जाळ्यांनी परत येत होत्या. धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन उभ्या, व्यापारी उभे. नाखवा खोलीत आला.

"लखमा, खाडीच्या तोंडाशी उजव्या बाजूला वाळू साचलीय. त्यांना सांग, डावीकडून या. आणि ते काय म्हणतात ते नीट ऐक. एक शब्द सुटला तर याद राख!"

लखमानं कान लावला. बोटींवरच्या तारा मिठानं खाल्ल्या होत्या. इंजिनाची कुरकुर बोलण्यात मिसळत होती. शब्द कळेना.

"मोटर चालू आहे का तुमची?" लखमानं विचारलं.

"मग काय हातानं ढकलत येऊ?" पुढची बोट चालवणारा तांडेल ओरडला.

"आधी मोटर बंद. सगळ्यांनी. नाखवाचा हुकूम आहे."

नाखवाचा हुकूम म्हणजे पुढे काही तरी धोका असणार. तांडेलानं इंजिन बंद केलं. मागच्यांनीही केलं. ओहोटी नुकतीच लागली होती.

धक्क्यावरून लोक बघत होते. बोटी आल्या. थांबल्या. मग सगळ्याच्या सगळ्या, तोंडं गावाकडे ठेवून, मागे मागे जायला लागल्या. टोपल्या कमरेवर तशाच राहिल्या. नाखवा धावत सुटला.

"लखमा! बोटी कुठे चालल्या?"

"समुद्रात."

"इंजिनं का बंद झाली?"

"मी करायला लावली."

"सुरू करायला सांग, मेल्या! आत्ताच्या आत्ता!"

लखमाला त्याची कीव आली. त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

"बसा नाखवा. सुरू केलं की पुन्हा कुरकुर. आता ऐका. तांडेल तुमच्याबद्दलच बोलतोय. एकेक शिवी कशी सुटी सुटी ऐकू येतेय!"