धुरपदेचं टेकाड

खिंडीतून वर पाहिलं की माथवाडीच्या डोक्यावर एक बोडकं टेकाड दिसतं. तिथला दगड वर्षानुवर्षांच्या धुराने काळा पडला आहे. त्याला धुरपदेचं टेकाड म्हणतात.

पूर्वी म्हणे खोऱ्याचा नाईक पाडव्याला गादीवर बसे. त्याआधी फाल्गुनात एकेक वाडी आपापल्या रांजणात खडे टाकून त्याला निवडी. पहिली वाडी ज्याच्या नावाने खडे टाकी, त्याच्यामागे बाकीच्या मुकाट जात. मग काय, पहिल्या मानासाठी चढाओढ लागली. कोणी माघात खडे टाकले, कोणी दिवाळीत. तळवाडीने तर भादव्यातच, भात शेतात उभं असताना उरकून घेतलं. एका वर्षी निवडलेला माणूस पाडव्याआधीच वारला, तरी मागच्या वाड्या शहाण्यासारख्या त्याच्याच नावाने खडे टाकत राहिल्या.

धुरपदा तळवाडीची लेक, माथवाडीची सून. तिचा भाऊ बाळोजी नाईक होता. माथवाडीचा झरा बुजला होता आणि तो उपसायला नाईकाने खोऱ्यातली माणसं लावायला हवी होती. पण माथवाडीची पाळी सगळ्यांत शेवटी येई आणि शेवटच्या वाडीच्या खड्यांची गरजच कोणाला पडत नव्हती, म्हणून दरवर्षी ते काम राहून जाई.

भाऊबीजेला बाळोजी वर आला. तिने त्याला ओवाळलं आणि ती म्हणाली, "दादा, आमचा खडा पडायच्या आधीच तू नाईक हुतोस. समद्या वाड्यांचे खडे एका दिवशी पडतील, तवाच मी तुजा उंबरा वलांडीन."

बाळोजी हसला आणि खाली गेला. पुढे आई गेली, तेव्हाही धुरपदा उतरली नाही. त्या टेकाडावर उभी राहून ती आईच्या चितेचा धूर बघत राहिली. फार रडली, असे सांगतात.

तो धूर बाळोजीच्या जिव्हारी लागला. त्याने खोऱ्यात सांगावा धाडला, की फाल्गुनात धुरपदा टेकाडावर जाळ करील, त्याचा धूर दिसला की सगळ्यांनी खडे टाकायचे. त्या वर्षी बाळोजी हरला. संध्याकाळी धुरपदा खाली आली, तर तो भाकरतुकडा घेऊन दारात उभा.

"आता नाईक न्हाई मी," तो म्हणाला.

"भाऊ हाईस नव्हं," ती म्हणाली आणि आत गेली.

झरा त्याच उन्हाळ्यात उपसला गेला.

नाईकपण आता जत्रेपुरतं उरलं आहे. माथवाडीच्या दारांना कुलपं आहेत, माणसं शहरात गेली. किती गजबजलेली वाडी होती ती! पण आजही फाल्गुनातल्या त्या सकाळी तळवाडीची माणसं साडीचोळी घेऊन टेकाड चढतात आणि लेकीच्या नावाने स्वतःच जाळ करतात. धूर दिसेपर्यंत खाली कोणी खड्याला हात लावत नाही.