काटूची पाटी

मोबाइल अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हा टिटवीबाईंच्या जंगलशाळेत जादूच्या पाट्या आल्या. एकाने काही काढलं की ते सगळ्यांच्या पाट्यांवर उमटायचं. पहिल्याच दिवशी पोरं मिळून जंगलाचं चित्र काढत होती आणि शेजारच्या झाडावरची साळुंकी काड्या वेचायचं निमित्त करून ते बघत होती.

घंटा झाली. साळिंदराच्या काटूने रोजच्या शिस्तीने ओल्या फडक्याने आपली पाटी लख्ख पुसली आणि सगळ्यांच्याच पाट्या कोऱ्या झाल्या!

"अरे काटेऱ्या, माझं झाड पुसलंस!" माकडाचा हुप्या किंचाळला. "बाई, याची पाटी काढून घ्या!"

काटूने पाटी छातीशी घट्ट धरली. बाईंनी ती घ्यायला पंख पुढे केला, तसा साळुंकीचा जीव कळवळला.

"हुप्या," काटू हुंदके आवरत म्हणाला, "तुझ्या झाडाची डावी फांदी वाकडी होती ना? तिच्यावर घरटं होतं. मी काढू?" आणि त्याने झाड हुबेहूब उभं केलं.

"मग काटूचं बीळ मी काढते," खारीची झुबकी म्हणाली. "सकाळपासून माझ्या पाटीवर तेच तर बघत होते!"

बघता बघता जो तो दुसऱ्याचं चित्र काढू लागला. हुप्यानेही झुबकीची नदी काढायला घेतली. बाईंनी पंख मागे घेतला.

संध्याकाळी साळुंकी झाडोझाडी सांगत सुटली, "आमच्या काटूने काढलेलं झाड बघितलंत का? अहो, हुप्यासुद्धा म्हणतो, हे माझंच!"