कासाराची दुपार

नदीकाठच्या एका गावात एक कासार राहायचा. दारोदार फिरून बायकांना बांगड्या भरायचा. एकदा त्याची बायको सगुणा माळ्यावरून पडली. कमरेखालचं अंग लुळं पडलं आणि तिनं अंथरूण धरलं.

कासारानं फेरी सोडली, ओट्यावरच दुकान मांडलं. सगुणाला पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं तोच करी. ती झोपली, तरी श्वास चालू आहे ना म्हणून बघत बसे.

शेजारची तान्हूमावशी म्हणायची, "अरे, मी बसते हिच्यापाशी. तू जरा पाठ टेक."

"नको मावशी. काही कमी-जास्त झालं तर?"

हळूहळू त्याची झोप उडाली. भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. एका दुपारी पेज भरवता भरवता त्याचा डोळा लागला, वाटी कलंडली आणि गरम पेज सगुणाच्या हातावर सांडली. ती कळवळली. त्यानं धावत पाणी आणून ओतलं आणि तिथंच रडू लागला. "मीच भाजलं गं तुला!"

"हात बरा होईल," सगुणा म्हणाली. "पण तुम्हीच आडवे झालात तर? मी दिवसभर हाच घोर घेऊन पडलेली असते. मावशींना हाक मारा."

कासाराचा पाय उंबऱ्यातून निघेना. तरी त्यानं हाक मारली. मावशीला दहादा बजावलं, "कुशीवर वळवलंत की गुडघ्यांमध्ये उशी ठेवा हं." मग तो नदीवर गेला, हातपाय धुतले आणि करंजाच्या सावलीत जो झोपला, तो उन्हं उतरल्यावरच जागा झाला.

घाबरून तो घराकडे पळाला. दाराशी आला, तर आतून खळखळून हसण्याचा आवाज! सगुणा हसत होती. पडल्यापासून पहिल्यांदाच.

"वळवताना चुकले रे मी," मावशी म्हणाली. "हिनं असं काही दटावलं, की सासूची आठवण झाली!"

माझ्यावाचून हिचं चाललं, असं वाटून कासार क्षणभर खट्टू झाला. पण सगुणाचा उजळलेला चेहरा पाहून तोही हसू लागला.

"उद्याही याल का मावशी?" त्यानं आपणहून विचारलं.

सगुणा काही पुन्हा चालू लागली नाही. पण त्या घरातली धास्ती गेली. दुपारी शेजारणी गप्पांना जमू लागल्या आणि कासार निवांत झोपू लागला.

तात्पर्य एवढंच: आजाऱ्याला सांभाळणाऱ्यालाही कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि त्यासाठी आधी त्यानं हाक मारावी लागते.